पटावरच्या चौसष्ट घरांतली ज्वारी : या वीस अंकी संख्येला कशाकशानं भाग जातो?

मोंढ्यातला_मुनीम (सेलू, जि. परभणी)

मंडळी, नमस्कार. मी सेलूच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. प्रश्न माझ्या लेकीचा आहे, ती नववीला आहे. पण तिच्या नादानं आता माझंही डोकं त्यातच अडकून बसलंय.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असंल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. लेकीनं शाळेत ऐकली आणि घरी येऊन आईकडं ज्वारी मागितली. मालदांडी होती घरात. पहिली ओळ नीट भरली, आठव्या घरात १२८ दाणे आणि सगळी ओळ मिळून २५५. दुसऱ्या ओळीत दाणे घराबाहेर सांडायला लागले तेव्हा मी म्हटलं, आता मोजू नको, वजन कर. दुकानातल्या छोट्या काट्यावर हजार दाणे ३० ग्रॅमच्या जरा वर भरले. हिशेबाला ३० धरले.

त्या हिशेबानं एकवीस घरांची ज्वारी ६३ किलोच्या आसपास होते. बावीसावं घर भरलं की एकूण सव्वा क्विंटल. बत्तीस घरं, म्हणजे अर्धा पट, १,२८८ क्विंटल! सोळा टनी आठ ट्रक भरून वर थोडी उरेल एवढी. आणि अजून अर्धा पट रिकामाच.

आता अडचण. दुकानातल्या कॉम्प्युटरवर हिशेबाच्या शीटमध्ये मी चौसष्ट घरांची बेरीज काढली, तर आली १८४४६७४४०७३७०९६०००००. लेक म्हणायलीय, हे चूक आहे. तिचं म्हणणं असं : दुप्पट करत गेलं की शेवटचा अंक २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६ असाच फिरतो, तिथं शून्य येतच नाही. पासष्टावं घर असतं तर त्याचा शेवटचा अंक ६ आला असता, आणि एकूण बेरीज त्याच्यापेक्षा एकनं कमी, म्हणून ती ५ नं संपायला पाहिजे. मग तिनं वहीत हातानं दुप्पट करत करत हा आकडा काढला :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही. शेवटी ५, म्हणून ५ नं जातो. इथपर्यंत तिचं तिनं केलं. मग ७ नं भागलं तर १ उरला. आता ११, १३ असं करत निघालीय आणि वही भरत चाललीय. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव हातानं काढायची काही रीत आहे का? का नुसतं भागतच बसायचं? माझं गणित व्याजाच्या पुढं कधी गेलं नाही. कुणी समजावून सांगितलं तर लई उपकार होतील.

उदगीरकर_पुण्यात

काका, लेकीची वही बरोबर आहे, विसाच्या वीस अंक बरोबर. अशी शीटं संख्येचे पहिले १५ अंक ठेवतात आणि पुढं शून्यं लावतात. वस्तूंच्या किमतीला ते चालतं, इथं चालत नाही. शून्य पाहून तिला शंका आली, हे मला फार आवडलं.

आम्हा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या ही संख्या रोजच्या ओळखीची आहे. ६४ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) खान्यात मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या हीच. एकेका घराला एकेक बिट धरा. सगळी घरं भरली की दोनाच्या पद्धतीत ओळीनं चौसष्ट वेळा १. त्यात आणखी एक मिळवला की खाना पुन्हा शून्यावर येतो.

अवयव हवे असतील तर हे घ्या, कॉम्प्युटरनं क्षणात दिले :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सातही मूळ संख्या आहेत.

मोंढ्यातला_मुनीम

धन्यवाद भाऊ. लेकीला दाखवलं. तिनं सातही संख्यांचा गुणाकार करून बघितला आणि जुळला म्हणून खूशही झाली. पण लगेच दुसरा प्रश्न : "हे कुठून आले?" १७ नंतर एकदम २५७ का, ६४१ मध्येच कुठून आला, हे तिला पाहिजे. मलाही.

शाळू_संशोधक (परभणी)

गणिताचं उत्तर दुसरे देतील, मी ज्वारीचं सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीवरच काम करते. तुम्ही काट्यावर केलं तेच आम्ही वाण तपासताना करतो, फक्त शंभर दाण्यांचं वजन घेतो. रब्बी ज्वारीचे शंभर दाणे तीन ग्रॅमच्या आसपास किंवा थोडे वर भरतात. परभणी मोतीसारख्या टपोऱ्या वाणाचे आणखी जास्त. त्यामुळं हजाराला ३० ग्रॅम हा धरलेला आकडा चांगला आहे.

त्याच आकड्यानं पुढं गेले. भारतात वर्षाला चाळीस-पंचेचाळीस लाख टनांच्या घरात ज्वारी होते. सत्तेचाळीस घरं भरता भरता ती सगळी संपते. जगाची वर्षाची ज्वारी साधारण सहा कोटी टन, ती एक्कावन्नाव्या घरापर्यंतसुद्धा पुरत नाही. पूर्ण पटाला ५५,३४० कोटी टन लागतील, म्हणजे आजच्या दरानं सगळ्या जगाचं नऊ हजार वर्षांचं पीक. हे मी पोरींना सांगते तेव्हा एक गोष्ट आवर्जून दाखवते : शेवटच्या एकट्या घरात, आधीच्या त्रेसष्ट घरांत मिळून जेवढी आहे त्यापेक्षा एक दाणा जास्त आहे.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

मुनीमजी, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं. "हे कुठून आले?" असं विचारणारं लेकरू वर्गात असलं की त्या दिवशीचा तास मला आठवडाभर पुरायचा. उदगीरकरांचे अवयव बरोबर आहेत, पण ते यंत्रानं दिलेले आहेत. त्यातले ६४१ आणि ६७,००,४१७ सोडून बाकीचे पाच तर लेकीनं भरलेल्या पटावरच दिसतात. भागाकार करावाच लागत नाही.

तिला म्हणावं, वही बाजूला ठेव आणि पट समोर घे. पहिल्या दोन घरांत १ आणि २, मिळून ३. आता तिसरं-चौथं घर बघ : ४ आणि ८. पहिल्या दोन घरांच्या प्रत्येकी चौपट आहेत की नाही? म्हणजे पहिल्या जोडीची एकपट आणि दुसऱ्या जोडीची चारपट, मिळून पाचपट. चार घरांची बेरीज ३ × ५ = १५.

पुढची चार घरं घे. पाचवं घर पहिल्याच्या १६ पट, सहावं दुसऱ्याच्या १६ पट, सातवं तिसऱ्याच्या, आठवं चौथ्याच्या, सगळी १६ पट. म्हणून पूर्ण ओळ चार घरांच्या १७ पट. १५ × १७ = २५५, हे तर तिनं दाणे मोजून काढलेलंच आहे.

आता दुसरी ओळ. तिच्यातलं प्रत्येक घर वरच्या घराच्या २५६ पट. म्हणून दोन ओळी मिळून एका ओळीच्या २५७ पट. २५५ × २५७ = ६५,५३५. तिसरी-चौथी ओळ वरच्या दोन ओळींच्या ६५,५३६ पट, म्हणून चार ओळी ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. हाच तुमचा आठ ट्रकांचा अर्धा पट.

आणि खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून पूर्ण पट :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

१७ नंतर एकदम २५७ का, याचं उत्तर इथं आलं. प्रत्येक वेळी घरं दुप्पट केली की आधीची बेरीज तिच्यापेक्षा दोननं मोठ्या संख्येनं गुणली जाते. ३ ला ५ नं, १५ ला १७ नं, २५५ ला २५७ नं. चौसष्ट म्हणजे १ ला सहा वेळा दुप्पट केलेली संख्या, म्हणून असे सहा गुणक मिळाले. पटाची घरं साठ असती तर हा सरळ जिना मिळाला नसता. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरुनीनं पटाची हीच बेरीज काढून ठेवली आहे. भास्कराचार्यांनी एकं पासून परार्धापर्यंत जी अठरा स्थानं दिली, त्यांत ही संख्या लिहायची तर १८४ परार्ध म्हणून सुरुवात करावी लागते.

आता लेकीच्या ७ च्या भागाकाराकडं येतो, कारण तिथं १ उरला ही फार कामाची गोष्ट आहे. प्रत्येक घरातल्या दाण्यांना ७ नं भाग आणि फक्त बाकी लिही : १, २, ४, १, २, ४, १, २, ४... कोणतीही लागोपाठ तीन घरं घेतली तरी बाक्यांची बेरीज ७, म्हणजे त्या तीन घरांना मिळून ७ नं पूर्ण भाग जातो. चौसष्टात तिनाचे एकवीस गट होतात आणि एक घर उरतं. त्या शेवटच्या घराची बाकी १. म्हणून एकूण बाकी १. वीस अंकी भागाकार न करता तेच उत्तर.

मी वर्गात या बाक्या फरशीवर खडूनं गोल काढून त्यावर लिहायला लावायचो आणि पोरांना त्या गोलावरून चालायला लावायचो. ७ चं चक्र तीन पावलांचं. ५ चं चार पावलांचं : १, २, ४, ३. १७ चं आठ पावलांचं : १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि पुन्हा १. पटाच्या बेरजेला एखाद्या विषम संख्येनं भाग जायचा असेल, तर चौसष्ट पावलं चालून नेमकं पुन्हा १ वर यायला पाहिजे. म्हणजे चक्राच्या लांबीनं ६४ ला भाग जायला पाहिजे. तीन पावलांच्या चक्राला ते जमत नाही. ११ चं चक्र दहा पावलांचं आणि १३ चं बारा पावलांचं, त्यांनाही जमत नाही. ६४ चे विभाजक फक्त १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ३ चं चक्र २ चं, ५ चं ४ चं, १७ चं ८ चं, २५७ चं १६ चं, ६५,५३७ चं ३२ चं. सगळे जिन्याच्या पायरीला पायरी लावून बसतात. ११ आणि १३ चा भागाकार तिनं सोडून द्यावा, वही वाचेल.

राहिला ४,२९,४९,६७,२९७. त्याच्यासाठी वेगळं लिहावं लागेल, त्यात मोठा इतिहास आहे. आज डोळे थकले.

मोंढ्यातला_मुनीम

गुरुजी, तुमचं वाचून लेकीनं पुन्हा पट मांडला. दुसऱ्या ओळीतलं पहिलं घर २५६, वरचं १, हे तिनं बोट ठेवून मला दाखवलं. खरं सांगतो, पट वर-खाली असा बघायचा असतो हे मला आज कळलं. आम्ही आडवाच बघायलो होतो.

७ चं, ५ चं, १७ चं चक्र तिनं अंगणात काढलं. आता ६४१ ची वाट बघायलीय.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

मुनीमजी, लिहितो. सावकाश वाचा, मध्ये थांबलात तरी चालेल.

३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. फ्रान्सचा फर्मा यानं १६४० च्या सुमारास अंदाज केला की या जिन्यावरची पुढची प्रत्येक संख्याही मूळच असणार. पुढची म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७. जवळजवळ शतकभर कुणाला ते खरंही ठरवता आलं नाही आणि खोटंही. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो.

ऑयलर २, ३, ५, ७ असं भागत बसला नाही. त्यानं चक्रच वापरलं. फर्माचाच एक नियम आहे : विषम मूळ संख्येच्या चक्राची लांबी त्या संख्येतून १ वजा केल्यावर जे येतं त्याला पूर्ण भागते. पडताळा घ्या. ७ चं चक्र ३ चं, आणि ३ नं ६ ला भाग जातो. १७ चं ८ चं, आणि ८ नं १६ ला भाग जातो.

आता आपल्या ४,२९,४९,६७,२९७ चा एखादा मूळ विभाजक आहे असं समजा. बत्तीस पावलांवर त्याची बाकी १ न येता त्याच्यापेक्षा एकनं कमी येते, म्हणजेच −१, कारण आपली संख्या ही बत्तीस पावलांनंतरचा आकडा अधिक एक आहे. म्हणून बत्तीस पावलांत चक्र पुरं होत नाही. चौसष्ट पावलांत होतं, कारण −१ गुणिले −१ म्हणजे १. म्हणजे त्याचं चक्र नेमकं ६४ चं. आणि नियमाप्रमाणं त्या विभाजकातून १ वजा केला की ६४ नं भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे शोधायचं कुठं? ६४ च्या पाढ्यात एक मिळवायचा : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. २५७ चं चक्र सोळाचं आहे हे आपल्याला माहीत आहे, ती गेली. १९३, ४४९, ५७७ नं भागून बघा, बाकी उरते. चौथ्या भागाकाराला ६४१ लागतो :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

ज्या फर्मानं नियम दिला, त्याच नियमानं फर्माचा अंदाज पडला. शाळेत हे सांगताना माझा आवाज चढायचा, आताही लिहिताना तसंच होतंय.

भागाकार न करताही ६४१ पक्का करता येतो. लेकीला हे नक्की दाखवा. ६४१ हा ६४० अधिक १ आहे, आणि ६४० म्हणजे ५ × १२८. शिवाय ६४१ हा ६२५ अधिक १६ पण आहे, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. आता ६४१ नं भागल्यावरच्या बाक्या बघू. ६४० ची बाकी −१ धरा. तिचा चौथा घात केला की १. पण ६४० चा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले १२८ चा चौथा घात, आणि १२८ चा चौथा घात म्हणजे दोनाचा अठ्ठाविसावा घात. पाचाचा चौथा घात ६२५, त्याची बाकी −१६, म्हणजे वजा दोनाचा चौथा घात. जागेवर ठेवा : वजा दोनाचा बत्तिसावा घात, आणि त्याची बाकी १. दोन्हीकडं दोनाचा बत्तिसावा घात मिळवा : शून्य बरोबर दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. झालं. दहा अंकी संख्येला हातही न लावता भाग गेला.

आता एकच काम उरलं, ६७,००,४१७ मूळ आहे हे दाखवणं. १८७८ मध्ये एदुआर लुका यानं नियम आणखी घट्ट केला : विभाजक ६४ च्या नव्हे, १२८ च्या पाढ्यात एक मिळवून येतो. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८९ च्या आत आहे, म्हणून तिथपर्यंतच बघायचं. १२८ च्या पाढ्यात अशा वीस संख्या येतात, त्यांत मूळ फक्त पाच : २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद. चार भागाकार लेकीनं स्वतः करावेत, मी उत्तर सांगत नाही.

जाता जाता अर्ध्या पटाबद्दल. ४,२९,४९,६७,२९५ ला कमी समजू नका. गाऊसनं १७९६ मध्ये, एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ समान बाजूंची बहुभुजाकृती काढता येते हे सिद्ध केलं. पुढं कळलं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती या जिन्यावरच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत, आणि त्या पाचांचा गुणाकार म्हणजे नेमका अर्धा पट. पट्टी-कंपासानं काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या आकृत्यांत आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी एवढ्या बाजूंची. आठ ट्रकांतल्या दाण्यांएवढ्या बाजू!

शाळू_संशोधक (परभणी)

गुरुजी, ६४१ चं हे मी कधीच पाहिलं नव्हतं. ५ × १२८ आणि ६२५ + १६ एकाच संख्येत भेटतात, हे दोनदा करून बघितलं. माझ्या धाकट्या भावाला आज रात्री बसवते.

लुका म्हणजे मनोऱ्याच्या कोड्याचाच ना? तीन खुंट्या, चौसष्ट चकत्या, एका वेळी एक हलवायची आणि लहानावर मोठी ठेवायची नाही. लागणाऱ्या चाली याच संख्येएवढ्या असतात.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

होय, तोच. कोडं त्यानं १८८३ मध्ये आणलं. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,४०० कोटी वर्षांच्या वर जातात. आकडा तोच असण्याचं कारणही दुपटीचंच : एक चकती वाढली की आधीच्या सगळ्या चाली दोनदा कराव्या लागतात आणि मध्ये एक चाल नव्या चकतीची.

मोंढ्यातला_मुनीम

चार भागाकार झाले. लेकीनं केले, मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर पडताळले. ६७,००,४१७ ला ६४१ नं भागलं तर ४४ उरले, ७६९ नं १२०, १,१५३ नं ३३४ आणि १,४०९ नं ६२२. एकदाही शून्य नाही. म्हणजे मूळ आहे. वहीत तिनं खाली दोन रेघा मारल्या, आम्ही मोंढ्यात पट्टी पुरी झाली की मारतो तशा.

शिवाय तिनं एक स्वतः काढलंय. सात मूळ अवयव, सगळे एकेकदाच आलेले. प्रत्येक अवयव एक तर घ्यायचा नाही तर सोडायचा, म्हणून एकूण विभाजक सातदा दुप्पट, १२८. पहिल्या ओळीच्या आठव्या घरातले दाणे एवढेच होते, हे तिला लई आवडलं.

तिचा शेवटचा प्रश्न, गुरुजी. या संख्येत २ मिळवले तर जिन्याची पुढची पायरी येते, ती पण फुटते का?

उदगीरकर_पुण्यात

गुरुजी, हे तुम्हीच सांगा. मी कॉम्प्युटरला विचारणार नाही.

निवृत्त_गुरुजी (अंबाजोगाई)

फुटते. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ ही संख्या १८८० मध्ये लांद्री नावाच्या फ्रेंच गृहस्थानं फोडली. त्या वेळी तो ऐंशीच्या पुढचा होता, आणि सगळं हातानं. अवयव दोनच :

२,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१

पुढच्याही पुष्कळ पायऱ्या तपासून झाल्या आहेत. ६५,५३७ च्या नंतरच्या लागोपाठ अठ्ठावीस पायऱ्या मूळ नाहीत हे पक्कं झालेलं आहे, आणि त्यांच्याही पुढं एखादी मूळ आहे का हे आजही उघडं आहे.

लेकीला पडताळायचं असेल तर इथं पाढा २५६ चा घ्यायचा, लुकाच्या नियमानं. २,७४,१७७ मधून १ काढला की २,७४,१७६, आणि ते २५६ × १,०७१. म्हणजे शोधत निघाली असती तर पाढ्यात १,०७१ व्या जागेपर्यंत जावं लागलं असतं. त्यातल्या मूळ नसलेल्या संख्या गाळल्या तरी खूप भागाकार उरतात. शोधायला बसवू नका, परीक्षा जवळ आली असेल. पण गुणाकार करून बघू द्या. एका पानात मावतो.